जपानी पद्धतीची लाकडी फ्रेम शिकायची असेल तर आधी रेघ शिका, करवत नंतर

जपानी सुतारकामाचे व्हिडिओ बघून सगळे भुलतात ते सांध्यांना. खिळा नाही, स्क्रू नाही, आणि दोन लाकडं अशी बसतात की मधे नख शिरत नाही. मग माणूस एक महागडी करवत मागवतो, घरी दोन तुकडे घेऊन बसतो आणि घासून घासून एक सांधा जमवतो. मजा येते, नाही असं नाही, पण त्यातून फ्रेम बांधता येत नाही. कारण फ्रेममधे तुमची कूस, म्हणजे लाकडाच्या टोकाला कापून काढलेली जीभ, दुसऱ्याच कोणीतरी पाडलेल्या भोकात जाणार असते, आणि 120 बाय 240 मिलिमीटरची 4 मीटर लांब तुळई सुगी म्हणजे जपानी सीडरसारख्या हलक्या लाकडाची, सुकलेली असली तरी 40 किलोच्या वर भरते, ती काय वीस वेळा उचलून बसवून बघणार आहात का? जे काही ते रेघेवरच, म्हणजे लाकडावरच्या आखणीवरच ठरलं पाहिजे. म्हणून हे ग्रुपमधेच शिकावं असं माझं मत आहे, एकट्याला रेघेची किंमत कळतच नाही.

वर्कशॉप निवडताना एवढंच बघा की शेवटी खरंच काहीतरी उभं राहणार आहे का. चार खांबांची छोटी शेड किंवा एखादी कमान पुरे, पहिल्याच फटक्यात घर वगैरे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. सहा-आठ जण असावेत आणि आखणीवर शेवटचा शब्द एकाच माणसाचा असावा. सगळे भाग मशीनवर कापून येणार आणि तुम्ही फक्त ठोकणार असं असेल तर तुम्ही फक्त ठोकायलाच शिकाल. जपानमधेही आता बहुतेक लाकडी घरांचे सांधे कारखान्यातच कापले जातात, त्यामुळे हाताने काम करणारे शिक्षक बऱ्याचदा देवळांच्या किंवा जुन्या घरांच्या कामातले असतात.

नवख्यांनी नेमकं काय करायचं हा प्रश्न असेल तर जपानमधल्या शिराकावा-गो या गावची जुनी घरं बघा. तिथे खालची चौकट सुतारांनी करायची आणि वरचं उंच छप्पर गावकऱ्यांनी मिळून, ज्याला ते युई म्हणतात, आणि त्या छपराचा सांगाडा दोरांनी आणि ओल्या फांद्यांनी बांधलेला. म्हणजे कसबाचं काम कुठे संपतं आणि बऱ्याच हातांचं कुठे सुरू होतं हे आधीपासून ठरलेलं. तुमच्या ग्रुपमधेही असंच करा, आडवी तुळई लांबीत जोडायचा ओक्काके-दाइसेनसारखा अवघड सांधा शिक्षकाकडे किंवा अनुभवी माणसाकडे द्या, साध्या कुसा आणि भोकं बाकीच्यांनी करा.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन्ही बाजूंना दाते असलेली र्‍योबा करवत, एका बाजूने लाकडाच्या तंतूंच्या दिशेने कापायला आणि दुसरीने आडवं. 24 आणि 30 मिलिमीटरच्या ठोकायच्या पटाश्या, हातोडी, रंधा आणि साशिगाने म्हणजे त्यांचा पातळ लवचिक गुण्या. करवत आणि रंधा दोन्ही ओढताना कापतात, ढकलायची सवय असेल तर पहिले काही तास हात भांडतात. जोर लावू नका, पातं पातळ असतं, वाकलं की संपलं. आणि पटाशीने उचकटून ढलपी काढायला जाऊ नका, धारेचं पोलाद खूप कडक असतं, टवका उडतो.

पहिला दिवस धार लावण्यात गेला तर कुरकुर करू नका. पटाशीची पाठ मधे खोलगट असते, कडा मात्र एका पातळीत हव्यात, मग उतरती बाजू 1000 नंबरच्या पाण्याच्या दगडावर आणि नंतर 6000 च्या आसपासच्या दगडावर. मऊ लाकडाच्या टोकावर बोथट पटाशी मारली की तंतू चिरडतात, कापले जात नाहीत. हे तिथल्या तिथे दिसतं.

आता आखणी, सुमित्सुके. इथे वेळ द्या, सगळा खेळ इथेच आहे. आपण सहसा लाकडाच्या कडेपासून माप घेतो, पण लाकूड कधीच सरळ नसतं, आणि दहा जणांनी दहा कडांवरून मापं घेतली तर फ्रेम उभी राहायच्या आधीच भांडणं उभी राहतात. इथे माप मधल्या रेघेपासून घेतात. आधी प्रत्येक लाकूड नीट बघून घ्यायचं, खांब असेल तर बुंध्याकडचं टोक खाली, तुळई असेल तर तिचा फुगवटा वर, गाठी सांध्यात येत नाहीत ना ते तपासायचं, आणि मग दोन्ही टोकांवर मध्य काढून सुमित्सुबोने रेघ मारायची. सुमित्सुबो म्हणजे शाईत भिजलेला कापूस आणि त्यातून ओढून काढायचा दोरा. दोऱ्याच्या टोकाची टाचणी लाकडात रोवायची, दोरा ताणायचा, चिमटीत धरून उचलायचा आणि सोडायचा. उचलताना सरळ वर, जरा जरी तिरका उचलला आणि पृष्ठभाग वाकडा असला तर रेघही वाकडी पडते आणि लांबून बघितली तर ठीकच वाटते, म्हणून दुसऱ्या कोणालातरी टोकाकडून एक डोळा मिटून बघायला सांगा.

गुण्याच्या मागच्या बाजूला वेगळी मापपट्टी असते, 1.414 पटीची. गोल ओंडक्याचा व्यास तिने मोजला की त्यातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या चौरसाची बाजू थेट वाचता येते, गणित नको.

मग प्रत्येक लाकडाला पत्ता द्यायचा. नकाशावर एका दिशेला इ, रो, हा, नि ही जपानी अक्षरं आणि दुसऱ्या दिशेला एक, दोन, तीन, म्हणजे खांब रो-2 कुठला हे विचारावं लागत नाही. पत्ता लिहिलेली बाजू सगळ्या खांबांची एकाच दिशेला ठेवायची, नाहीतर खांब उभा करताना उलटा फिरतो आणि भोकं भलत्याच तोंडाला येतात.

कापायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून ठरवा, रेघ ठेवायची, अर्धी कापायची की पूर्ण काढायची. शाईच्या रेघेला जाडी असते, एकाने ठेवली आणि दुसऱ्याने उडवली की सांधा एकतर ढिला किंवा बसतच नाही. सरावाला सांधे करा आणि अदलाबदल करा, तुमची कूस शेजाऱ्याच्या भोकात. स्वतःच्या भोकात तर काय, बसतेच ती. आरपार भोक असेल तर दोन्ही तोंडांवर आखून अर्धं इकडून अर्धं तिकडून पाडा, एकाच बाजूने मारत सुटलात की पलीकडची कड फाटते.

कूस निसटू नये म्हणून सांध्यातून आडवी लाकडी खुंटी ठोकतात, तिची दोन लाकडांतली भोकं अगदी समोरासमोर नकोत. कुसेतलं भोक खांद्याकडे, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या पायरीकडे, मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवलेलं असलं की ओकची खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. जास्त सरकवलं तर खुंटी मोडते, हाव नको. कूस बसवायच्या आधी हातोडीच्या जरा फुगीर तोंडाने तिच्या बाजू हलक्या ठोकून दाबून घेतात, म्हणजे ती सहज आत जाते आणि नंतर हवेतला ओलावा घेऊन फुगून घट्ट होते. टोक ठोकायचं नाही, बाजू.

उभारणीच्या दिवशी हेल्मेट सगळ्यांना, आणि आज्ञा एकाच्याच. खालची पट्टी, त्यावर खांब, खांबांतून आरपार जाणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे नुकी, मग तुळया आणि शेवटी आढं असा साधारण क्रम, पण नुकी कधी घालायच्या हे सांध्यांवर ठरतं, त्यामुळे आदल्या दिवशी कागदावर एकदा पूर्ण उभारून बघा. तुळई वरून काकेया म्हणजे मोठ्या मोगरीने बसवतात, दोन्ही टोकांना थोडं थोडं, एक टोक पूर्ण बसवून दुसरीकडे गेलात तर कूस तिरकी होऊन अडकते. अडकलीच तर जोर वाढवायचा नाही, थांबायचं, पत्ता वाचायचा. निम्म्या वेळा लाकूडच चुकीचं आलेलं असतं. ओळंबा लावून खांब सरळ झाल्याशिवाय नुकीच्या पाचरी शेवटच्या ठोकू नका.

लाकूड थोडं ओलसर वापरलं असेल तर ते काही महिने आकसत राहतं, पाचरी सैल पडतात. त्या पुन्हा ठोकायला लागतात, त्यामुळे पहिल्यांदा ठोकताना डोकं सपाट कापून टाकू नका, बोटभर बाहेर राहू दे.