वाचलेले टिकवायचे कसे

पाठ केलेले किती वेगाने विसरते, याचे पहिले काटेकोर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते स्वतःच पाठ करत आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना आधीच्या तुलनेत किती वेळ वाचतो, हे मोजत. ही बचत वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के भरली. अर्थपूर्ण मजकूर एवढ्या झपाट्याने पुसला जात नाही. तरी सुरुवातीची घसरण तीव्र आणि नंतरची संथ, हे त्यालाही लागू पडते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी.

ही उजळणी म्हणजे पुन्हा वाचन नव्हे. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान, असा आपला सोयीस्कर समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, पण आठवड्यानंतर ज्यांनी तो न पाहता आठवून लिहिला होता, ते पुढे गेले.

तेव्हा पुस्तक मिटून कोरा कागद घ्यावा. समजा, हृदयातील रक्ताभिसरण शिकला आहात, तर आकृती न पाहता उजव्या कर्णिकेपासून महाधमनीपर्यंतचा मार्ग काढावा. फुप्फुसांतून परतणारे रक्त कोणत्या कप्प्यात येते, यापाशी पेन अडले, तर लगेच पान उलटू नये. थोडा वेळ डोक्याला ताण द्यावा, तरीही न आठवल्यास जागा मोकळी सोडून पुढे जावे, आणि शेवटी पुस्तक उघडून तेवढीच जागा वेगळ्या शाईने भरावी. पुढच्या वेळी सुरुवात त्या शाईपासून करावी. हे कंटाळवाणे आहे खरे, पण उपयोग त्या अडण्यातच आहे.

दोन उजळण्यांत किती अंतर ठेवावे, हे ती माहिती केव्हा लागणार यावर ठरते. आठवड्याने परीक्षा असेल तर एखाद्या दिवसाचे अंतर पुरते. वर्षभर टिकवायचे असेल, तर अंतर वाढवत तीन आठवड्यांपर्यंत न्यावे. सुट्या माहितीसाठी, म्हणजे शब्दार्थ, सूत्रे, सनावळ्या यांसाठी, जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांची कार्डांची पद्धत सोयीची आहे. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेली कार्डे पेटीच्या खणांत ठेवायची: बरोबर आलेले कार्ड पुढच्या, अधिक अंतराने उघडायच्या खणात जाते आणि चुकलेले पहिल्या खणात परत येते. झोपेवर मात्र काटछाट करू नये, कारण शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते.

एखादे कार्ड वारंवार पहिल्या खणात परतत असेल, तर ते आणखी घोकण्यात अर्थ नसतो. बहुधा एका प्रश्नात दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या करून स्वतंत्र कार्डे लिहावीत आणि जुने कार्ड फाडून टाकावे.