पुस्तक फक्त पहिल्या जोडीशी बोलतं

माझ्या पहिल्या जाहीर नाचाच्या कार्यक्रमात सहा जोड्यांची रांग दुसऱ्याच मिनिटाला दादरच्या जिन्यासारखी तुंबली. हे नाच शिकवायला नव्याने येणाऱ्या तुम्हाला हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी फार शहाणपणा शिकवायला लागले तर तुम्हाला आठवेल.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका जिवंत इतिहासाच्या संग्रहालयात, म्हणजे जिथे जुना काळ माणसंच करून दाखवतात तिथे, मी स्वयंसेवक आहे. पायघोळ झगा, डोक्यावर पांढरी टोपी आणि अठराव्या शतकाच्या अखेरचे कंट्री डान्स. आधी आपण करून दाखवायचे, मग आलेल्या पाहुण्यांनाच दोन रांगांत समोरासमोर उभं करून शिकवायचे. कास्ट ऑफ (रांगेच्या बाहेरून वळून खाली जाणं), राइट अँड लेफ्ट (दोन जोड्यांनी उजवा-डावा हात देत जागा बदलणं), हँड्स फोर (चौघांनी हात धरून गोल फिरणं) हे तुम्हाला येत असणार, कारण आजच्या कॉन्ट्रा डान्सला, म्हणजे याच नाचांच्या अमेरिकेतल्या आजच्या रूपाला, गेलेल्या कुणालाही ते येतं. येतं म्हणूनच आपण फसतो.

आमचा मुख्य आधार म्हणजे जॉन ग्रिफिथ्स या नृत्यशिक्षकाने १७८८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे छापलेला छोटा संग्रह. अमेरिकेत छापलेलं या नाचांचं पहिलं पुस्तक म्हणून तोच ओळखला जातो. एकेका नाचाला जेमतेम दोन-चार ओळी. मध्यातून खाली जा, परत वर या, एक जोडी खाली कास्ट ऑफ करा, खालच्या बाजूला हँड्स फोर, वरच्या बाजूला राइट अँड लेफ्ट. झाला नाच. (वर म्हणजे वाजवणाऱ्यांकडचं टोक, खाली म्हणजे दुसरं.) मी तो पाठ केला आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या जोडीला इतकं पक्कं शिकवलं की मलाच माझं कौतुक वाटलं.

कार्यक्रमात फिडल, म्हणजे व्हायोलिन, सुरू झालं. पहिली जोडी झोकात खाली गेली, झोकात वर आली, कास्ट ऑफसाठी बाहेरून वळली, आणि तिला जिथे उतरायचं तिथे दुसरी जोडी खांबासारखी उभी! जागा सोडायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुस्तकाने मला सांगितलं नाही, म्हणून मी तिला सांगितलं नाही.

आता हे जरा सावकाश वाचा, दोनदा वाचलंत तरी चालेल. त्या सगळ्या सूचना फक्त पहिल्या जोडीसाठी असतात. पहिली जोडी मध्यातून खाली गेली की दुसरीने गुपचूप एक जागा वर सरकायचं असतं. हे छापलेलं नसतं. हँड्स फोरमध्ये पहिलीबरोबर कोण? ‘खालच्या बाजूला’ म्हटलं की तिसरी जोडी, ‘वरच्या बाजूला’ म्हटलं की दुसरी. हेही तुम्हीच ओळखायचं. एक फेरी संपली की पहिली जोडी दुसऱ्या जागी येते आणि पुढची फेरी तिच्याखालच्या दोन जोड्यांबरोबर करते. अशा तीन फेऱ्या झाल्या की वर तीन जोड्या मोकळ्या होतात, आणि तेव्हा कुठे नवी वरची जोडी ‘पहिली’ होते. तोवर ती उभी राहून बघते. त्या काळी नाच सुरूच एकट्या वरच्या टोकाच्या जोडीपासून व्हायचा. खालचे बघत बघत शिकायचे आणि लाट आपल्यापर्यंत आली की नाचू लागायचे. लिहून ठेवायची गरजच नव्हती. गोफ विणताना कोण कुठून जातं हे आपल्याकडे तरी कुठे पुस्तकात वाचून शिकतात?

म्हणून नवीन नाच हाती आला की मी आता कागदावर तीन रकाने आखते. पहिल्या रकान्यात पुस्तकातलं वाक्य. उरलेल्या दोनांत दुसरी आणि तिसरी जोडी त्या वेळी काय करते ते. रिकामा रकाना राहिला तर तो नाच शिकवायला काढायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण करा.

व्हिडिओ बघून बसवायचा मोह होईल. माझं मत कडक आहे: बघू नका, निदान आधी तरी नाही. व्हिडिओतली मंडळी आजच्या सवयीने नाचतात. ‘स्विंग’ शब्द दिसला की दोघं बिलगून गरगर फिरायला लागतात. ती पद्धत पुष्कळ नंतरची. ‘अलेमांड’चंही तेच. तेव्हा त्यात पाठीमागून हात गुंफायचे, आता नुसता हात धरून वळतात. आणि ‘हे असंच असतं’ म्हणणाऱ्या गुरूपेक्षा ‘हा माझा अंदाज आहे’ म्हणणारा गुरू धरा. मला पहिल्या प्रकारचा भेटला होता. त्याच्या कृपेने माझं एक वर्ष गेलं.

खरी मदत झाली ती आमच्या फिडलवाल्या आजोबांची. ते म्हणाले, पावलं नको मोजू, चाल ऐक. चालीचे दोन भाग, दोन्ही दोनदा, एकूण ३२ बार (एक बार म्हणजे दोन पावलांइतका सूर). एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटात संपते. खाली जाऊन वर येणं आणि कास्ट ऑफ हे सगळं मिळून आठ बार. आठ पावलं खाली आणि आठ पावलं वर अशी चैन केली तर कास्ट ऑफला सूरच उरत नाही. परतताना लवकर निघा.

घाबरू नका मात्र. पाहुणे हसायला आलेले असतात, परीक्षा घ्यायला नाही. त्यांना गोष्ट सांगा: १७७९ मध्ये जनरल नथानिएल ग्रीन यांच्या पत्नीबरोबर जॉर्ज वॉशिंग्टन तीन तासांहून अधिक वेळ न बसता नाचले, असं ग्रीन यांनीच पत्रात लिहून ठेवलंय. ही सांगितली की मागे उभे असलेले नवरेसुद्धा रांगेत येतात. पण तिथेच थांबू नका. व्हर्जिनियातल्या बड्या घरांत असे नाच रंगायचे तेव्हा फिडल वाजवणारा पुष्कळदा गुलाम असायचा. माझ्या सुरुवातीच्या टिपणात हे नव्हतं. एका शाळकरी मुलीने ‘वाजवायचं कोण?’ विचारलं तेव्हा मी आजोबांकडे बघत राहिले, आणि उत्तर त्यांनी दिलं.

तुमच्या पहिल्या दिवशी पहिल्या जोडीत उभं राहायचा आग्रह होईल, कारण झगा नवा असतो. नाही म्हणा. दुसऱ्या जोडीत उभ्या राहा, वर कधी सरकायचं ते पायांना कळू द्या. मी अजूनही नवीन नाच तिथूनच बसवते. आणि बूट आधी घरी आठवडाभर घालून बघा. डाव्या-उजव्याचा फरक नसलेले, त्या काळच्या पद्धतीचे बूट मिळाले तर टाचेला पट्टी लावूनच या.