डोक्याला मोठी दुखापत झाल्यावर कामावर परत जाताय? आधी घरी तालीम करा

टाके सुकले, चालणं-बोलणं नीट झालं की सगळे विचारायला लागतात, मग ऑफिस कधीपासून? पण मेंदूला जबर मार बसल्यावर पुढे कामात सगळ्यात जास्त नडतो तो थकवा, आणि तो बाहेरून कुणाला दिसत नाही. म्हणून तारीख ठरवायच्या आधी घरीच रंगीत तालीम करा. ऑफिसच्या वेळेला उठायचं, आवरायचं, कामासारखंच काहीतरी घेऊन बसायचं, मेलला उत्तरं, हिशोब, काहीही, आणि डोकं कधी जड होतं ती वेळ लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं तेही लिहा, कारण बऱ्याचदा खरा हिसका तेव्हा बसतो. दोन तासांत डोकं चालेनासं होत असेल तर आठ तासांची शिफ्ट जमणार नाही, जिद्द वगैरे इथे फार कामाला येत नाही.

ही वही घेऊन ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे. जमलं तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या इजेचा विचार-वागणुकीवर काय परिणाम झाला ते तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा स्पीड, प्लॅनिंग याच्या टेस्ट पण करून घ्या. सोबत घरचं कुणीतरी न्याच, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा असेल तर आपण चिडके झालोय किंवा गोष्टी अर्ध्यावर सोडतोय हे आपल्याला स्वतःला कळतच नाही, घरच्यांना मात्र चांगलंच माहीत असतं!

बॉसला नुसतं 'सांभाळून घ्या' म्हणून काही होत नाही, नेमकं मागा. सुरुवातीला कमी तास, आठवड्याच्या मध्ये एक सुट्टी, आवाज नसलेली जागा, गर्दीची वेळ टाळून येणं-जाणं, आणि तोंडी सांगितलेलं काम मेसेजवर पण. हुद्दा तोच मिळेल असं धरून चालू नका. फिनियस गेज नावाचा एक अमेरिकन फोरमन होता, १८४८ मध्ये लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली, तरी वाचला. फोरमनचं काम त्याला परत मिळालं नाही, पण नंतर चिलीत त्याने कित्येक वर्षं घोडागाडी चालवली, म्हणजे रोजचं ठरलेलं काम त्याला जमलं. काही तज्ज्ञांना तर वाटतं की त्या ठरलेल्या रूटीननेच तो सावरला.

गेज शेवटी फिट येऊन गेला, हेही लक्षात ठेवा. अशा दुखापतीनंतर फिटचा धोका बराच काळ राहू शकतो, त्यामुळे ड्रायव्हिंग, उंचीवरचं काम, मशीन, यातलं काय चालेल ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, गोळ्या मनाने बंद करू नका, आणि नाइट शिफ्ट शक्यतो नकोच, झोपमोड झाली की फिट यायची शक्यता वाढते.

रुजू झाल्यावर ब्रेक थकल्यावर नाही, थकायच्या आधी घ्यायचा, मोबाईलवर अलार्म लावून, आणि ब्रेकमध्ये तोच मोबाईल बघत बसायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, तास तरी नाहीतर जबाबदारी तरी. दोन्ही एकदम वाढवलं आणि बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.