विमान रद्द, बॅग गायब: भरपाई घालवणाऱ्या या चुका टाळा

विमान रद्द झाले की काउंटरवर वादावादी होते, व्हिडिओ निघतात, पण भरपाईसाठी लागणारा कागद मात्र कोणी मागत नाही. प्रवाशाला काय मिळायला हवे, हे डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेने, आकड्यांसह लिहून ठेवले आहे. ते हातून निसटते, ते बहुधा पुढच्या चुकांमुळे.

बुकिंगमध्ये एजंटाचा नंबर

ही चूक सर्वांत महाग पडते. एजंट बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि तुम्ही थेट विमानतळावर पोचता. ज्याने संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नाही, त्याला रोख भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही, असे नियमच सांगतो. पीएनआर हाती आला की कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःचा नंबर आणि ईमेल नोंदलेला आहे का ते बघा. आईवडिलांचे तिकीट तुम्ही काढले असेल, तर ऐनवेळी फोन उचलेल अशा माणसाचा नंबर द्या. नावाचे स्पेलिंगही तेव्हाच तपासा; कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटातली नावाची चूक 24 तासांत कळवली, तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत.

‘ऑपरेशनल कारण’ ऐकून परत फिरणे

उड्डाण रद्द होणार हे वेळेत कळवले नसेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, आणि त्याशिवाय भरपाईही द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500, त्यापुढे 10,000. किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. दंगल, नैसर्गिक आपत्ती, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही. सगळा वाद इथेच होतो. म्हणून नेमके कारण ईमेलवर किंवा कागदावर लेखी मागा आणि त्याच वेळच्या डिपार्चर बोर्डाचा फोटो काढा. हवामानाचे कारण सांगितले असेल आणि त्याच तासात त्याच मार्गावर इतरांची विमाने सुटत असतील, तर तो फोटो पुढे फार उपयोगी पडतो.

नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तरी खाण्यापिण्याची सोय मात्र कंपनीने करायची असते. रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलही. हे आपणहून दिले जाईल या भरवशावर बसू नका, मागा.

जागा नाही म्हणून थांबवल्यावर सही करणे

जास्त तिकिटे विकली गेली, तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. समोर आलेल्या कागदावर ‘स्वेच्छेने’ असा शब्द असेल आणि तुमची तशी इच्छा नसेल, तर सही करू नका. वेळेत पोचूनही नाइलाजाने थांबवले आणि एका तासात दुसरे विमान दिले नाही, तर 24 तासांच्या आतल्या पर्यायी विमानासाठी एका बाजूच्या मूळ भाडे अधिक इंधन अधिभाराच्या दुप्पट (कमाल 10,000), त्याहून उशिरा असेल तर चौपट (कमाल 20,000). हिशेब तिकिटाच्या पूर्ण रकमेवर होत नाही, एवढे ध्यानात ठेवा. मूळ भाडे 3,000 असून इंधन अधिभार नसेल, तर दुपटीने 6,000 होतात.

‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून रक्कम सोडून देणे

असे तिकीट तुम्ही रद्द केले किंवा विमान चुकले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क परत मिळायलाच हवे. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त लावता येत नाही. पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की खात्यात घ्यायचे, हे ठरवणारे तुम्ही, कंपनी नव्हे.

बॅगेची नोंद न करता बाहेर पडणे

बॅग आली नाही किंवा चाक तुटून आली, तर आगमन कक्षातून बाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे तक्रारनोंद, करून प्रत घ्या. बॅगेज टॅगची चिठ्ठी फेकू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत आणि उशिराची, बॅग मिळाल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. ही मुदत हुकली की दावा संपतो. देशांतर्गत प्रवासात बॅगेच्या भरपाईची मर्यादा 20,000 रुपये आहे. म्हणून दागिने आणि लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकूच नका.

फक्त समाजमाध्यमांवर तक्रार करणे

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: पीएनआर, तारीख, किती रक्कम हवी आणि कोणत्या नियमाखाली. मग एअरसेवा हे विमान प्रवाशांच्या तक्रारींचे सरकारी पोर्टल किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915. तरीही दाद मिळाली नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले म्हणून तिकडे जावे लागत नाही. तुम्ही तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील करण्याची सक्तीही नाही.