दुसऱ्या महायुद्धाच्या शूटर गेममध्ये बंदुकीचा नेम कसा घडवावा

दुसऱ्या महायुद्धावरचा शूटर गेम तयार करायला घेतला की पहिल्या काही आठवड्यांतच गटात एक वाद उभा राहतो. एकाला बंदूक अशी हवी असते की उचलताच तिचे चार किलो वजन जाणवावे, नेम डळमळावा आणि प्रत्येक गोळीसाठी कष्ट पडावेत. दुसऱ्याला माउस नेला की नेम तिथेच जावा आणि चाप ओढताच गोळी लागावी असे वाटते. बहुतेक गट मग दोघांच्या मधला एखादा आकडा निवडून पुढे जातात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. वास्तव आणि खेळण्यातली सोय ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे गृहीतकच आधी तपासायला हवे. खऱ्या सैनिकाला नेम धरताना ज्या गोष्टी डोळ्यांकडून आणि खांद्याकडून आपोआप मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशा पडद्यावर पोहोचतच नाहीत, आणि त्या खेळाडूला परत मिळवून देणे म्हणजे सवलत देणे नव्हे. जे सैनिकाच्या हाताला खरोखर कठीण होते ते कठीणच ठेवावे आणि जे केवळ पडद्यामुळे कठीण झाले आहे ते काढून टाकावे, या एका कसोटीवर पुढची सगळी मांडणी आधारलेली आहे. उदाहरणे मुख्यतः ब्रिटिश ली-एनफील्ड आणि जर्मन माउझर कार-98-के या बोल्ट रायफलींची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागणाऱ्या रायफलींची, घेतली आहेत, कारण नेमाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो.

आधी पडद्याचे माप घ्यावे

बंदुकीचे एकही मॉडेल बनवण्याआधी दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यूचा, हिशेब मांडावा. 24 इंची मॉनिटर साधारण 53 सेंटिमीटर रुंद असतो. तो 60 सेंटिमीटरवरून पाहिला तर डोळ्याशी सुमारे 48 अंशांचा कोन करतो. गेममध्ये मात्र आपण त्याच चौकटीत बहुधा 90 अंशांचे दृश्य कोंबतो. परिणामी पडद्याच्या मध्यभागी प्रत्येक वस्तू खऱ्या आकाराच्या निम्म्याहूनही लहान दिसते, आणि 100 मीटरवरचा माणूस सव्वादोनशे मीटरवर असल्यासारखा भासतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर 300 मीटरवरचा उभा माणूस या स्थितीत जेमतेम पाच पिक्सेल उंच असतो. एवढ्या ठिपक्यावर नेम धरायला लावणे म्हणजे वास्तव दाखवणे नव्हे, तर खेळाडूला अधू दृष्टी देऊन रणांगणावर उभे करणे होय.

म्हणून रायफल डोळ्याशी आणताच दृश्य 90 अंशांवरून 48 अंशांवर आणावे. याला अनेक जण झूम म्हणतात आणि वास्तववादी गेममध्ये तो नको असा आग्रह धरतात, पण इथे काहीही मोठे केलेले नसते; वस्तू फक्त तिच्या खऱ्या आकारात परत आलेली असते. त्या स्थितीतही आपला 300 मीटरवरचा माणूस 12 पिक्सेलांचाच होतो, आणि निरोगी डोळ्याला त्या अंतरावर जितका तपशील दिसतो तितका दाखवायचा झाला, तर दृश्य 31 अंशांच्या आसपास न्यावे लागते. श्वास रोखल्यावर ते हळूहळू 31 अंशांकडे नेणे हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. पॅराट्रूपरसारखे धावत खोलीत शिरणाऱ्याला मात्र हे अरुंद दृश्य घातक ठरते, आणि तेही खरेच आहे: लक्ष एका बिंदूवर एकवटले की बाजूचे सुटते.

दृश्य बदलले की माउसची संवेदनशीलताही त्याच प्रमाणात बदलावी. 90 वरून 48 अंशांवर येताना ती सुमारे 0.44 पट करावी. हे प्रमाण दोन्ही अर्धकोनांच्या टॅन्जंटच्या भागाकारातून मिळते. दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी आणि मोबाइलसाठी हा हिशेब नव्याने करावा, कारण ते दोन्ही डोळ्याशी मॉनिटरपेक्षा बरेच अरुंद कोन करतात. भारतातले बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात, तेव्हा ही आकडेमोड शेवटी उरकण्याची बाब समजू नये.

माशी, खाच आणि छिद्र

2002 च्या मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्टमध्ये खेळाडू पडद्याच्या मध्यभागी असणाऱ्या क्रॉसहेअरने, म्हणजे नेमाच्या खुणेने, नेम धरत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या कॉल ऑफ ड्यूटीने रायफल डोळ्याशी आणून साइटमधून, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरण्याच्या खुणांमधून, पाहण्याची पद्धत फार मोठ्या वर्गापर्यंत पोहोचवली, आणि 2006 च्या रेड ऑर्केस्ट्रा : ऑस्टफ्रंट 41-45 ने क्रॉसहेअर पूर्णपणे काढून टाकून नेमाचा सगळा भार साइटवर टाकला. ऐतिहासिक गेमसाठी मी तिसरा मार्ग सुचवतो, पण तो पत्करला की साइट कशी दिसते यावर सगळेच अवलंबून राहते, आणि या कामात फसगत फार सहज होते.

मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसू शकत नाहीत, म्हणून नेमबाजाला माशीवर दृष्टी ठेवून लक्ष्य किंचित धूसर राहू द्यायला शिकवतात. पडद्यावर तिन्ही गोष्टी एकाच सपाट पृष्ठभागावर असल्यामुळे त्या सारख्याच धारदार दिसतात. उघड्या खाचेच्या कार-98-के ला किंवा जुन्या ली-एनफील्ड नंबर 1 ला त्याचा फारसा तोटा होत नाही. ली-एनफील्ड नंबर 4 आणि अमेरिकी गॅरंड यांच्या छिद्राच्या साइटचे मात्र नुकसान होते. खऱ्या बंदुकीत डोळा त्या छिद्राच्या अगदी जवळ असतो, छिद्राची कडा धुक्यासारखी विरून जाते, आणि माशी आपोआप मध्यभागी येते. याच कारणाने शिकाऊ सैनिकाला ही साइट लवकर वश होते.

माझ्या पहिल्या नमुन्यात मी नंबर 4 ची साइट मापानुसार मिलिमीटरपर्यंत अचूक बनवली होती. पडद्यावर तिचे जाड काळे कडे समोरचे निम्मे मैदान झाकत होते, आणि खेळून पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने जर्मन रायफल अधिक सोपी असल्याचे सांगितले. धातूचे माप बरोबर होते, पण त्यातून पाहण्याचा अनुभव उलटा झाला होता. तेव्हापासून मी छिद्राची कडा अर्धपारदर्शक आणि धूसर ठेवतो, छिद्र खऱ्या कोनापेक्षा थोडे मोठे काढतो, आणि माशी मात्र पूर्ण धारदार ठेवून तिला मागच्या दृश्याहून किंचित गडद करतो. मॉडेल त्यामुळे मोजपट्टीशी जुळत नाही, पण डोळ्याशी जुळते, आणि खेळाडू पाहतो ते डोळ्यानेच.

डोलण्याचा आणि विखुरण्याचा भेद

चुकणाऱ्या गोळीची दोन निराळी कारणे असतात आणि ती कोडमध्येही निराळीच ठेवावी लागतात. एक म्हणजे हाताचे डोलणे, जे माशीच्या हालचालीतून दिसते. दुसरे म्हणजे नळी आणि काडतूस यांच्यामुळे गोळीचे विखुरणे, जे दिसत नाही. धडधाकट लष्करी रायफलीचे विखुरणे 100 मीटरवर साधारण तळहाताएवढ्या वर्तुळात मावते, म्हणजे माणसाएवढ्या लक्ष्यासाठी ते जवळपास नगण्य आहे. असे असताना अनेक गेममध्ये चालताना किंवा घाईत झाडलेली गोळी माशीपासून लांब कुठेतरी भरकटते, आणि खेळाडूला आपण फसवले गेल्याची भावना होते. ती भावना रास्त आहे. रायफलीची गोळी नळी ज्या दिशेला आहे त्या दिशेलाच गेली पाहिजे. हालचालीची सगळी शिक्षा नळीला द्यावी आणि ती खेळाडूला दिसू द्यावी.

डोलण्यासाठी दर फ्रेमला यादृच्छिक आकडा कधीही वापरू नये. विश्रांतीतला माणूस मिनिटाला सुमारे 12 ते 16 वेळा श्वास घेतो, म्हणून चार ते पाच सेकंदांचा एक सावकाश, मुख्यतः वरखाली जाणारा फेरा पाया म्हणून घ्यावा, त्यावर स्नायूंचे बारीक कंपन चढवावे, आणि श्वास सोडून झाल्यावर येणारा क्षणभराचा विराम त्यात ठेवावा. तो विराम ओळखून चाप ओढणे हेच खरे कौशल्य आहे आणि ते शिकता येते, कारण त्याला लय आहे. सुरुवातीचे आकडे म्हणून उभ्याने डोलण्याची रुंदी 100 मीटरवर 15 ते 20 सेंटिमीटर धरावी, गुडघ्यावर बसल्यास निम्मी करावी, आणि पालथे पडून किंवा भिंतीच्या आधाराने ती जवळजवळ संपू द्यावी. असे केले की खेळाडू आडोसा आणि आधार शोधू लागतो, म्हणजे जे सैनिक करत होते तेच करू लागतो, आणि त्याला ते सूचनांच्या पाटीवर सांगावे लागत नाही. धावून आल्यानंतर फेऱ्याचा वेग वाढवावा. केवळ रुंदी वाढवली तर बंदूक जड न वाटता सैल वाटते.

ब्राउन बेससारख्या गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्केट बंदुकीवर गेम करायचा असेल, तर हा नियम उलटा होतो. तिची नळी 0.75 इंचाची आणि गोळी त्याहून बरीच लहान असे, त्यामुळे गोळी नळीत आपटत बाहेर पडे; शिवाय तिला मागची साइटच नव्हती. तिथे अदृश्य विखुरणे हाच इतिहास आहे, आणि एकट्याच्या नेमापेक्षा रांगेने एकत्र झाडलेल्या फैरीला गेममध्येही मोल मिळायला हवे.

गोळीचा प्रवास

ली-एनफील्डची .303 गोळी सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगाने निघते. 100 मीटर जायला तिला 0.14 सेकंद लागतात, तर 300 मीटरसाठी जवळजवळ अर्धा सेकंद, आणि तेवढ्या वेळात आडवा धावणारा माणूस दोन मीटरांहून अधिक पुढे सरकतो. ही बाब जशीच्या तशी ठेवावी, कारण ती खेळाडूला डोळ्यांनी समजते आणि तिच्यातून निर्णय जन्माला येतो. साइटचे अंतर दर वेळी फिरवायला मात्र लावू नये. नंबर 4 ची युद्धकाळातली साधी साइट 300 यार्डांसाठी बसवलेली असे, आणि सैनिक धामधुमीत तीच वापरत. तशीच ती गेममध्ये ठेवली तर 150 मीटरवर गोळी नेमापेक्षा सुमारे वीतभर वर लागते. डोक्यावर नेम धरणाऱ्याची गोळी वरून जाते आणि छातीवर धरणाऱ्याची लागते. हे सराव मैदानावर एकदा पाटीच्या लक्ष्यावर दाखवून द्यावे.

बोल्ट आणि मॅगझिन

बोल्ट मागेपुढे करण्याचा वेळ हा नेमाचाच भाग आहे. ली-एनफील्डचा बोल्ट साधारण 60 अंश उचलावा लागतो आणि माउझरचा 90 अंश; ली-एनफील्डच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यात, 10 काडतुसे मावतात आणि कार-98-के मध्ये 5. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश सैनिकाकडून 300 यार्डांवर मिनिटाला 15 नेमबद्ध गोळ्यांची अपेक्षा असे, ती याच रचनेमुळे. म्हणून ली-एनफील्डच्या अ‍ॅनिमेशनमध्ये साइट डोळ्यासमोरून पूर्ण हटू देऊ नये, आणि माउझरमध्ये ती क्षणभर हटू द्यावी. दोन रायफलींतला फरक आघाताचे आकडे वाढवून दाखवण्यापेक्षा असा दाखवणे कितीतरी अधिक सच्चे आहे.

उरलेल्या काडतुसांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत दाखवू नये, अशी माझी ठाम शिफारस आहे. बटण दाबल्यास सैनिक मॅगझिन चाचपून ‘भरलेले’, ‘अर्धे’ किंवा ‘हलके’ एवढेच सांगेल. यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका मशिनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले. त्यांच्या मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात नोंद आहे की मॅगझिन बदलायला वेळ उरला नव्हता, म्हणून त्यांनी टॉमी गन, म्हणजे हातातली छोटी मशिनगन, नळीकडून धरून तिनेच अखेरचा प्रहार केला. ज्या गेममध्ये मॅगझिन बदलणे म्हणजे दर दोन गोळ्यांनी सवयीने दाबायचे बटण असते, त्यात असा क्षण येऊच शकत नाही. अर्धे मॅगझिन बदलल्यावर उरलेली काडतुसे जुन्या मॅगझिनमध्येच राहू द्यावीत, आणि ते मॅगझिन पुढे कधीतरी पुन्हा हातात यावे.

चाचणी

नेम चांगला जमला की नाही हे किती गोळ्या लागल्या यावरून ठरवू नये. गेम पूर्वी न खेळलेल्या पाच-सहा जणांना बसवावे, प्रत्येक चुकलेल्या गोळीनंतर खेळ थांबवावा, आणि ती का चुकली एवढेच विचारावे. ‘श्वास चालू असताना चाप ओढला’, ‘तो धावत होता आणि मी पुढे नेम धरला नाही’, ‘फार उंच धरला’ अशी उत्तरे आली तर काम योग्य वाटेवर आहे. ‘माहीत नाही’ हे उत्तर दहात दोनदा आले तरी कुठेतरी अदृश्य दंड शिल्लक आहे असे समजून तो शोधावा. त्यासाठी प्रत्येक गोळीच्या वेळची नळीची दिशा, डोलण्याच्या फेऱ्यातला क्षण, अंतर आणि लक्ष्याचा वेग यांची नोंद फाइलमध्ये ठेवावी, आणि खेळाडूचे उत्तर तिच्याशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत नसतील तर आधी साइटच्या चित्राकडे पाहावे, नंतर दृष्टिक्षेत्राकडे, आणि डोलण्याच्या आकड्यांना हात सर्वांत शेवटी लावावा.