कपाळ गुडघ्याला लावायची घाई कशाला? योगासनं सुरू करताना या चुका टाळा

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकायच्या आसनात, माझं कपाळ गुडघ्याला पहिल्यांदा टेकलं तो दिवस पक्का लक्षात आहे, कारण त्याच संध्याकाळी मला स्कूटरला किक मारता येईना. डिसेंबरची पहाट, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या हॉलमधली गार फरशी, टीव्हीच्या कपाटाला टेकवून ठेवलेला मोबाईल आणि त्यात एक लवचिक पोरगा म्हणतोय, ‘अजून थोडं खाली.’ मी तळपायांना टॉवेल अडकवला आणि ओढलं. कपाळ लागलं. कमरेतही काहीतरी लागलं. पुढचे नऊ दिवस सातपूरला ऑफिसला रिक्षानं गेलो, पाठीला उशी लावून.

नंतर गंगापूर रोडच्या बाजूला एका वर्गात जायला लागलो. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, वाकताय कुठून?”

“कमरेतून.”

“तेच चुकतंय. वाकायचं खुब्यातून.”

माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची निम्मी दुखणी या एका वाक्यात येतात. मांडीच्या मागचे स्नायू वर थेट बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. बसून बसून ते आखडले, की खुबा पुढे झुकू देत नाहीत. मग पुढे वाकण्याचा सगळा भार मणक्याच्या खालच्या भागावर आणि तिथल्या चकत्यांवर येतो. वरून टॉवेल ओढला तर विचारायलाच नको.

उपाय अगदी घरगुती आहे. बैठकीखाली चादरीची चार पदरी घडी घ्या, गुडघे बिनधास्त थोडे वाकवा आणि पाठ लांब ठेवून छाती पुढे न्या. आधी पोट मांडीकडे जाऊ द्या, कपाळ सगळ्यात शेवटी. महिनाभर कपाळ आणि गुडघा यांच्यात वीतभर अंतर राहिलं तरी काही बिघडत नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, ४६व्या सूत्रात आसनाची व्याख्या केली आहे: स्थिरसुखमासनम्. त्यात स्थिर आहे, सुख आहे. गुडघा कुठेच नाही.

श्वास अडकला की मागे या

आपण कुठवर जायचं हे नवख्याला कसं कळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर श्वासात आहे. आसनात असताना नाकानं संथ श्वास घेता येत नसेल, दात आवळले गेले असतील, कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर तुम्ही तुमच्या हद्दीपलीकडे गेलात. दोन बोटं मागे या. श्वास पुन्हा मोकळा झाला ती तुमची आजची जागा. उद्या ती वेगळी असेल, आणि थंडीत तर नक्कीच मागे असेल. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला, की पहाटे साडेपाचला अंग लाकडासारखं असतं. तेव्हा दहा मिनिटं नुसत्या हालचाली करा: खांदे फिरवा, जागच्या जागी चाला, मांजरासारखी पाठ वर-खाली करा. सकाळी जमतच नसेल तर सरळ संध्याकाळी करा. पहाटेचा आग्रह धरून बसलेले आणि मग काहीच न करणारे लोक मी बरेच पाहिलेत.

दुखण्यातही फरक ओळखायला शिकलं पाहिजे. स्नायूच्या मध्यभागी बोथट ताण, आसन सोडल्यावर ओसरणारा, हे चालतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तरी घाबरू नका. पण सांध्यात टोचलं, चमक आली, तर तिथेच थांबा. कमरेतून पायात मुंग्या उतरत असतील तर वर्गात नाही, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

सूर्यनमस्काराचे आकडे

नाशिककराला सूर्यनमस्कार म्हटलं की टाकळी आठवते. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तपश्चर्या केली आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असं परंपरा सांगते. ऐकून आपल्यालाही चेव येतो आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी १०८चा संकल्प सोडतं. समर्थ तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि त्यांना सातपूरची शिफ्ट नव्हती.

सहा घाला. नीट घाला. चूक बहुतेक वेळा भुजंगासनात होते. हात ताठ करून धड वर ढकलायचं, खांदे कानांपाशी न्यायचे आणि मान मागे टाकून द्यायची, असा प्रकार असतो. वरून ऐटदार दिसतं, पण सगळा मोड कमरेच्या एकाच ठिकाणी पडतो. त्यापेक्षा कोपरं वाकलेली आणि बरगड्यांजवळ ठेवा, बेंबी जमिनीवर राहू द्या आणि क्षणभर तळहात उचलून बघा. छाती खाली आपटली, तर तुम्ही पाठीच्या नव्हे, हातांच्या जोरावर वर होता. जेवढी छाती हात उचलूनही वर राहते, तेवढंच तुमचं भुजंगासन.

पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, बूड वर) मनगट दुखत असेल तर बोटं पसरा आणि अंगठा व तर्जनी यांच्या बुडाशी जमीन दाबा. सगळं वजन तळव्याच्या मागच्या कडेवर टाकलं की मनगट बोंबलणारच. टाचा जमिनीला टेकत नाहीत म्हणून पाय जवळ ओढू नका. गुडघे वाकवा, पाठ लांब राहू द्या.

मांडी घालता येत नाही, सांगणार कुणाला

पंगतीत बसून जेवणाऱ्यांची आपली जात, पण डायनिंग टेबल आलं आणि मांडी गेली. वर्गात पन्नाशीचे काका पद्मासनासाठी पाय हातानं ओढून मांडीवर चढवतात तेव्हा मला बघवत नाही. गुडघा म्हणजे बिजागरी आहे, एकाच दिशेनं उघडते. वळायचं काम खुब्याचं. खुबा वळत नसताना पाऊल वर ओढलं तर पीळ गुडघ्यात बसतो, आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. साधी मांडी घाला, बूड उंच उशीवर ठेवा, इतकं की गुडघे खुब्यांच्या खाली यावेत. वज्रासनात टाचा आणि बूड यांच्यात उशी घ्या. तेही नको वाटलं तर प्राणायामाला खुर्ची चालते. ताईंच्या वर्गात तीन खुर्च्या कायम मांडलेल्या असतात आणि त्यावर बसणाऱ्यांना कुणी हसत नाही.

कपालभातीबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. हठयोगात ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. लोक तिला सरसकट प्राणायाम म्हणतात आणि टीव्हीसमोर बसून भात्यासारखी चालवतात. वाढलेलं बीपी, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, यांत ती करायची नाही. बाकीच्यांनी सेकंदाला एक, असे वीस स्ट्रोक करून थांबावं. पोट आत जायला हवं. खांदे उडत असतील, चेहरा वाकडा होत असेल, तर चुकतंय. डोकं हलकं होऊन गरगरलं तर ती ‘शुद्धी’ नाही, तुम्ही फार जोरात श्वास सोडलाय. थांबा, साधा श्वास घ्या.

शीर्षासन पहिल्या वर्षी विसरा. बीपी, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असेल तर नंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि हे सगळं शिक्षकांना आधी सांगा. आपल्याकडे लोक फी भरतात, चटई आणतात आणि स्लिप डिस्क लपवतात. व्हिडिओला तर सांगताही येत नाही. तो तुम्हाला बघतच नाही, हीच त्याची खरी अडचण. शिवाय नाशिकमध्ये शिक्षकांची वानवा नाही. २०१८चा पंतप्रधान योग पुरस्कार मिळालेले डॉ. विश्वास मंडलिक याच गावचे, आणि शिकवणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या इथे तयार झाल्या आहेत. पहिले दोन-तीन महिने माणसासमोर करा, मग खुशाल मोबाईल लावा.

बाकी किरकोळ. सतरंजी फरशीवर सरकते, म्हणून चार-सहा मिलिमीटरची रबरी चटई घ्या. जाड गुबगुबीत गादीवर तोल जातो. जेवणानंतर तीन-चार तास, हलक्या खाण्यानंतर दीडेक तास जाऊ द्या. रविवारी मिसळ खाऊन आलेले एक गृहस्थ पवनमुक्तासनात गेले होते, त्याचं वर्णन इथे करत नाही. रोज दीड तासाचा संकल्प करू नका, वीस मिनिटं धरा. २१ जूनला योग दिनाच्या उत्साहात भरलेला वर्ग जुलैच्या पहिल्या पावसात कसा रिकामा होतो, ते दरवर्षी बघतो.

शेवटची चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी. शवासन आलं की लोक चटया गुंडाळायला लागतात, डबा भरायचा असतो, मुलांची शाळा असते. शवासनासाठी पाच मिनिटं वेगळी ठेवाच, हवं तर एक आसन कमी करा. कंबर उचललेली वाटत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या, थंडीत अंगावर शाल घ्या, कारण घाम आटला की अंग पटकन गार पडतं. झोप लागली तर लागू दे. घोरायला लागलात तर शेजारच्यानं कोपरानं ढोसायचं, अशी आमच्या वर्गाची पद्धत आहे, आणि मला आठवड्यातून दोनदा तरी ढोसतात.