उतारवयात प्रतिकारशक्ती कशी सांभाळावी

वय वाढले की प्रतिकारशक्ती नुसती घटते, असे धरून ती ‘वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या मागे लागू नये. प्रत्यक्षात दोन बदल एकाच वेळी घडत असतात. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी पौगंडावस्थेपासूनच आकसू लागते आणि तिथे तयार होणाऱ्या नव्या टी-पेशींचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) पुरवठा आटत गेल्यामुळे अनोळखी जंतूला उत्तर देण्यास विलंब होतो. दुसरीकडे, विभाजन थांबलेल्या पण नष्ट न झालेल्या जीर्ण पेशी व पोटातील अवयवांभोवतीची चरबी दाह (जंतू किंवा इजेविरुद्ध शरीर देत असलेली प्रतिक्रिया) वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहतात, त्यामुळे संसर्ग नसतानाही मंद दाह धुमसत असतो.

पहिल्या बदलावर उपाय लशींचा. फ्लूची लस दरवर्षी, साथीच्या हंगामाआधी घ्यावी, कारण संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. पन्नाशीनंतर नागिणीच्या लशीबद्दल व पुढे न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. स्टेरॉइड चालू असल्यास ते आवर्जून सांगावे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तापाची. वृद्धांना गंभीर संसर्गातही ताप बेताचाच येतो, म्हणून प्रकृती ठीक असतानाच काही दिवस ठरावीक वेळी तापमान मोजून लिहून ठेवावे. ज्यांचे नेहमीचे तापमान ३६.१ अंश सेल्सिअस आहे, त्यांच्या थर्मामीटरवर ३७.३ दिसले तर घरचे ‘ताप नाही’ म्हणून निर्धास्त होतात. वास्तविक एक अंशाहून अधिक वाढ ही डॉक्टरांना कळवण्याजोगी बाब आहे. एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, जेवण टाळणे किंवा तोल जाऊन पडणे हीदेखील संसर्गाची पहिली खूण असू शकते, मग थर्मामीटर काहीही सांगो.

मंद दाहासाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. धूम्रपान सोडावे, आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जावे, कारण हिरड्यांचा जुनाट संसर्गही या दाहात भर घालतो.

रक्तातील सीआरपी या दाहाबरोबर वाढणाऱ्या प्रथिनाची चाचणी सर्दी-खोकल्यात करू नये. तेव्हा आकडा चढलेलाच असतो आणि उगाच धास्ती वाटते. दाह कमी व्हावा म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण या वयात जठरातील रक्तस्राव आणि मूत्रपिंडांची हानी हे तिचे धोके अधिक असतात.